शिक्क्याची बाजू

मी काच बोलतेय. जरा मोठ्यानेच बोलते, कारण माझ्यातून आवाज जात नाही अशी माझ्याबद्दल पहिल्यापासून तक्रार आहे. तक्रार खरी आहे. तुमची दोन बोटं शेजारी ठेवलीत तर होईल एवढी माझी जाडी. चार माणसं लागतात मला उचलायला, आणि चौघंही नंतर कंबर धरून बसतात.

मी गोळी अडवणारी काच. म्हणजे अडवीन, अशी सगळ्यांची समजूत होती. खरं सांगायचं तर माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर एकही गोळी आली नाही. मला जे काही झिजवलं ते दुसऱ्याच गोष्टींनी.

माझा जन्म भट्टीतला. एकट्या काचेच्या अंगात गोळी थांबवण्याची ताकद नसते, म्हणून आमच्यात सगळं एकत्र कुटुंबासारखं असतं. एक काच, तिला चिकटलेला पापुद्रा, पुन्हा काच, पुन्हा पापुद्रा, आणि सगळ्यात शेवटी आरपार दिसणारा प्लास्टिकचा जाड थर. हे सगळं एकावर एक रचून दाबतात, तापवतात, आणि मग कुणाला वेगळं काढता येत नाही.

यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. काचेच्या थरांनी गोळीचा जोर मोडायचा. प्लास्टिकने उरलेला मार पोटात घ्यायचा आणि आतल्या माणसावर कपचे उडू द्यायचे नाहीत. म्हणून काचेची बाजू बाहेर, धोक्याकडे. प्लास्टिकची बाजू आत, माणसाकडे. एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

माझ्याबरोबर घडलेल्या एका बहिणीला त्यांनी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये नेलं आणि तिच्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. झाडणाऱ्याने कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावली होती. चहा पिऊन आला आणि सावकाश झाडल्या. बहीण पांढरी पडली, अंगभर भेगा गेल्या, पण मागे ठेवलेल्या कागदावर एक कणसुद्धा उडाला नाही. "पास," तो म्हणाला आणि चहाचा कप उचलून गेला. तिचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. तिच्या जिवावर मला मात्र सोनेरी शिक्का मिळाला. तो माझ्या काचेच्या बाजूवर चिकटवला होता. त्यावर कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही बाजू बाहेर'.

मला मागवलं होतं पाण्याच्या ऑफिसाने. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या नळाला गढूळ, कुणाची लाइन फुटलेली, असल्या तक्रारी तिथे घेतात. ऑफिस रस्त्याला लागून. बाहेर पत्र्याची पडवी, पडवीत लोकांची रांग, आणि भिंतीत एक रुंद खिडकी. खिडकीच्या आत ताई बसायची.

मी येण्याच्या थोडं आधी एका माणसाने रस्त्यावरून त्या खिडकीवर गोळी झाडली होती. त्याचं कनेक्शन तोडलं होतं म्हणे. साधी काच, ती खळकन गेली. गोळी ताईच्या खांद्यावरून जाऊन मागच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घुसली आणि सगळ्या खोलीत पाणी झालं. पुढे लोक हसून सांगायचे, आमच्या ऑफिसात एवढं पाणी त्याच दिवशी पाहिलं. ताईला काही लागलं नाही. पण ती रजेवर गेली, आणि ती परत येईल याची कुणालाच खात्री नव्हती.

ती रजेवर असतानाच मला बसवलं. मिस्त्री आणि त्याचा मेव्हणा, बरोबर आणखी दोघं. मला चौकटीशी टेकवून सगळे दम खात उभे होते.

"दाजी, शिक्का बाहेर ना?" मेव्हण्याने विचारलं.

"बाहेरच."

तेवढ्यात ऑफिसचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त नेहमी उद्याच्या काळजीत असायचा. "शिक्का बाहेर कशाला? उद्या मोठे साहेब येणारेत. फोटो आत काढायचाय, मागे शिक्का दिसायला हवा."

"साहेब, शिक्क्याची बाजू बाहेर असते. खाली लिहिलंय बघा."

"बाहेर कोण वाचणार ते? गोळी मारायला आलेला माणूस?"

सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा हसला. मग म्हणाला, "बरं, फोटो झाला की फिरवून घेऊ."

"हो हो, फिरवू की."

"दाजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "ही पुन्हा काढायची म्हणजे..."

"गप रे. बोलावतील ना."

अशी मी उलटी बसले. मऊ बाजू रस्त्याकडे आणि कडक बाजू माणसाकडे. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, माझ्यापुढे उभे राहिले, फोटो निघाला. शिक्का झकास आला. मग तो अर्धवट सुटून लोंबायला लागला, म्हणून कुणीतरी नखाने खरवडून काढून टाकला. मिस्त्रीला कुणी बोलावलं नाही, आणि मिस्त्रीकडे दुसरी कामं होती. आमच्या ऑफिसात 'पुढच्या आठवड्यात' नावाची एक जागा आहे. तिथे खूप गोष्टी पडून आहेत. त्यातलीच मी एक.

मग ताई परत आली.

पहिल्या दिवशी ती दारातच थांबली. खुर्चीकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ आली आणि दोन बोटं माझ्या अंगावर टेकवली, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. खात्री झाल्यावर बसली. तेव्हापासून रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी तिची ती दोन बोटं. मला ती नकोशी व्हायची. कुणी आपल्यावर भार टाकून निश्चिंत बसावं, आणि आपण तो पेलू की नाही हे आपल्यालाच माहीत नसावं, याच्याइतकं थकवणारं काही नाही. गोळी आलीच असती तर उलट्या अंगाने मी काय केलं असतं, देव जाणे. मी ओरडून सांगू शकत नव्हते. माझ्यातून आवाज जात नाही.

आवाज जात नाही म्हणून बाकीचे कारकून खिडकीवर बसायला तयार नव्हते. खाली कागद सरकवायला एक फट होती, तिच्यात तोंड घालून लोक ओरडायचे आणि आतला कारकून कान लावून वाकायचा. दिवसभरात मान धरायची. ताई मात्र सरळ बसून सगळं समजून घ्यायची. "ताईंचे कान काय तिखट आहेत," लोक म्हणायचे.

खरी गोष्ट फक्त पहारेकरी काकांना कळली होती. ताईचे कान कित्येक वर्षांपासून हळूहळू चालले होते. ती ओठ वाचायची. काचेमागचे ओठ, उन्हातले, सावलीतले, पान खाल्लेले, घाबरलेले. सगळ्यांना माझी अडचण व्हायची, तिला तेवढी नव्हती. माझ्यासाठी हा एक आधार होता. मी उलटी का असेना, स्वच्छ होते.

काका गोळीबारानंतर नोकरीला लागलेले. भरघोस मिशांचा माणूस. ते काही सांगायला आले की ताई गोंधळायची, दोनदा विचारायची. एके दिवशी काका मिशा बारीक कातरून आले. ओठ पूर्ण उघडे. ऑफिसात सगळ्यांनी धरलं, "काय काका, काकूंचा हुकूम वाटतं?"

"हो ना," काका म्हणाले. "डाळीत बुडायच्या."

त्या दिवशी ताईने आपला अर्धा डबा काकांपुढे ठेवला. पुढे कधीतरी काकांनी तिला विचारलं, साहेबांना सांगून का टाकत नाही?

"सांगितलं तर मागच्या खोलीत टाकतील, काका. तिथे नुसत्या फायली. माणूस नाही, खिडकी नाही. चार दिवसांत माझीच फाइल होईल. घरी नवरा समोर येऊन बोलतो, तेवढंच. इथे दिवसभरात शंभर माणसं माझ्याशी बोलतात. ते गेलं तर मी कुणाशी बोलू?"

काकांनी मान हलवली. विषय तिथेच मिटला.

माझी मऊ बाजू बाहेर होती, हे विसरू नका. आतला माणूस ऐकत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, तर टकटक करतो. बोटाने करत नाही, बोट दुखतं. किल्लीने करतो, नाण्याने करतो, छत्रीच्या टोकाने करतो. काच असती तर तिला काही वाटलं नसतं. प्लास्टिकवर मात्र प्रत्येक टकटकीचा ओरखडा राहतो. रांगेत उभी राहिलेली माणसं माझ्यात बघून भांग पाडायची, मुलं नाक दाबायची, आणि कंटाळलेले लोक किल्लीच्या टोकाने आपलं नाव कोरायचे. सफाईवाल्या बाई मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी मला रोज फरशीच्या औषधाने घासलं. त्यांच्या मायेने मी आणखीच पांढुरकी झाले.

मधोमध, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, माझ्यावर धुकं साचत गेलं.

ताईने आधी खुर्ची उजवीकडे सरकवली. मग डावीकडे. मग चष्मा बदलला. मग मान हलवायला लागली. समोरचा काहीतरी सांगतोय, ओठांच्या जागी नुसता ढग हलतोय, आणि ती मान हलवतेय. "होईल," म्हणायची, "बघते." गुंतलेलं सोडवणारी ताई नुसती मान हलवते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मान हलवणारा कारकून कुणाला खटकत नाही.

मला खटकायचं. पण मी तरी काय करणार होते? पुसूनही न जाणारं धुकं होते मी.

एक आजी यायच्या. अंगाने लहान, आवाज त्याहून लहान, तोंडात दात नाहीत. हातात गढूळ पाण्याची बाटली. रांगेत त्यांचं नाव 'बाटलीवाल्या आजी' असंच पडलं होतं. बाटली माझ्यापुढे धरायच्या आणि बोलायच्या. ताई वाकायची, डोळे बारीक करायची, मग मान हलवायची. "होईल, आजी." आजी समाधानाने जायच्या. पुन्हा यायच्या. पुन्हा मान.

मग एकदा आजी आल्या त्या रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. दारात काकांपाशी गेल्या. हातात बाटली नव्हती.

"त्या बाईंना एक सांगाल का," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "नातू दवाखान्यात आहे. पोट चालून पार चिपाड झालाय. मी म्हणत होते, आमच्या गल्लीत गटाराची लाइन पाण्याच्या लाइनीत फुटलीय. दर वेळी त्या मान हलवतात. नाही म्हणाल्या असत्या तर मी दुसरीकडे कुठे गेले असते. मला काय, मी कुठेही गेले असते."

काका आत आले, ताईसमोर खुर्ची ओढून बसले आणि एकेक शब्द नीट उघडून सांगितला. ताईने शेवटपर्यंत वाचलं. मग ती उठली, लाइनवाल्या माणसांना त्याच वेळी त्या गल्लीत पाठवलं, आणि सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, मला ऐकू येत नाही."

साहेब बोलले काहीतरी.

"मान वर करून बोला, साहेब. मी ओठ वाचते. इतकी वर्षं वाचतेच आहे. आता काचेतून दिसत नाही, आणि माझ्यामुळे एक पोरगं दवाखान्यात पडलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"मागच्या खोलीत बसवलं असतं," साहेब म्हणाले. "आणि आताही तेच करावं लागेल. सोमवारपासून. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याच भल्यासाठी आहे."

ताईने मान हलवली. या खेपेस तिला सगळं कळलं होतं.

सोमवारच्या आत काच घासून साफ होते का ते बघायला साहेबांनी मिस्त्रीला बोलावलं. इतक्या वर्षांनी. मिस्त्री म्हातारा झाला होता, मेव्हणा जाडा. मिस्त्रीने बाहेरून माझ्यावर नख ओढलं, आत येऊन पुन्हा ओढलं, आणि मेव्हण्याकडे बघितलं.

"दाजी, हिला फिरवलीच नाही," मेव्हणा म्हणाला.

"काय फिरवली नाही?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, उलटी बसलीय ही. फोटोसाठी नाही का... फिरवू म्हणाला होतात."

साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर तो फोटो अजून होता. मोठे साहेब, हार, मागे मी, आणि माझ्यावर सोनेरी शिक्का. काका जवळ गेले, डोळे फोटोला लावले आणि मग ताईकडे वळून मोठ्याने सांगितलं, "ही बाजू बाहेर."

ताईने काकांचे ओठ वाचले, मग फोटो वाचला, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. रोजची ती दोन बोटं मला आठवली.

"म्हणजे गोळी आली असती तर?" तिने मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री समोर येऊन उभा राहिला. "अडली असती की नसती, सांगता येत नाही, ताई. अडली तरी कपचे तुमच्या तोंडावर आले असते. कडक बाजू तुमच्याकडे आहे."

ताई खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काकांनी पाण्याचा पेला आणला, तो तिने घेतलाच नाही.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगीचच निर्धास्त होते," ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि साहेबांकडे वळली. आवाज जरा मोठाच होता, तिला स्वतःचा ऐकू येत नाही म्हणून. "साहेब, मी मागच्या खोलीत जाणार नाही. हिच्या भरवशावर बसले, ते खरं तर माझ्याच हिमतीवर बसले होते. मग आता उघड्यावरही बसेन. इथे आत टेबल टाका. माणसं एकेक करून आत येऊ देत, समोर बसू देत. दारात काका आहेत. तोंड दिसलं की मला सगळं समजतं."

"आणि कुणी पिस्तूल काढलं तर?"

"तर काढताना दिसेल तरी. इथून तर मला लहान पोरगं आजारी आहे हेसुद्धा दिसलं नाही."

साहेबांनी फोटोकडे एकदा बघितलं आणि तो भिंतीवरून उतरवला. "बघू," ते म्हणाले. मग बहुधा स्वतःच्याच शब्दाचा कंटाळा येऊन म्हणाले, "नाही, टाका टेबल. आजच टाका."

खिडकीत नवी काच आली. तिचा शिक्का बाहेर आहे ना, हे बघायला साहेब स्वतः पडवीत जाऊन आले, आणि परत एकदा जाऊन आले. मला फेकायचं ठरलं होतं. पण मेव्हणा म्हणाला, "हिला उचलून फेकायला चार माणसं, आणि टेबलावर टाकायलाही चारच. मग टाकाच टेबलावर." तशी मी आडवी झाले. उभं राहून राहून शिणलेल्या माणसाने पाठ टेकावी, तशी. कडक बाजू वर, ओरखडे खाली. आता कोणत्याच बाजूने मी उलटी नाही.

माझ्या एका अंगाला ताई बसते, दुसऱ्या अंगाला माणसं. माझ्यावर कोपर टेकतात, पिशव्या ठेवतात, हातातल्या किल्ल्याही ठेवतात, पण वाजवत नाहीत. समोरच्याचं लक्ष असलं की माणूस वाजवत नाही, हे मला या वयात कळलं. सगळंच बरं झालं असं नाही. परवाच एक माणूस माझ्यावर मूठ आपटून ताईला वाटेल ते बोलून गेला. तिने सगळं वाचलं, आणि तो गेल्यावर पुढच्या माणसाला बोलावण्याआधी दोन्ही तळवे माझ्यावर दाबून धरले. काका दारातून दोन पावलं आत येऊन उभे राहिले, बस. ती अजून घाबरते. घाबरत घाबरत बसते.

बाटलीवाल्या आजी येऊन गेल्या. नातू घरी आलाय, जेवतोय, त्रास देतोय म्हणाल्या. बाटली माझ्यावर ठेवली. पाणी आता बरंच निवळलंय, पण अजून किंचित पिवळं.

"आजी, जरा हळू बोला," ताई म्हणाली. "तुम्हाला दात असते तर वाचायला सोपं गेलं असतं."

"दात असते तर मागच्याच महिन्यात तुला चावले असते, पोरी."

दोघी हसल्या. मग आजींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, हळूहळू, तोंड पूर्ण उघडून, आणि ताईने त्यातलं काहीही सुटू दिलं नाही.

माझं आता फारसं काही मागणं नाही. माझ्या कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्यात थरांमध्ये हवेचे बुडबुडे धरलेत. तुमच्या ऑफिसात माझी एखादी बहीण उभी असेल, तर एकदा बाहेर जाऊन तिची बाजू बघा. तिला टकटक करू नका. आतल्या माणसाशी बोलताना जरा मान वर करा, हात तोंडावरून काढा, कदाचित तो तुमचे ओठ वाचत असेल. आणि 'नंतर फिरवून घेऊ' असं कुणी म्हणालं, तर तिथेच, त्याच दिवशी, फिरवून घ्या. फार जड असतो आम्ही, पण तेवढ्याही नाही.

ताई अजूनही सकाळी आली की पिशवी ठेवायच्या आधी दोन बोटं माझ्यावर टेकवते. मी आता काहीच अडवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरीही टेकवते. आणि आता मला ती जड वाटत नाहीत.